आक्काची मळी

मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, एकाच नदीकाठी दिलं. दूधगंगेच्या वरच्या अंगाला माझं सासर, खाली बोरगावाकडं तिचं. आमचं रान नदीच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला आहे. पुराचं पाणी सरळ येऊन काठावर आदळतं आणि दर पावसाळ्यात काठाचा एखादा तुकडा भसकन खाली बसतो. आक्काचं रान पुढच्या वळणाच्या आतल्या बाजूला. तिथं नदी सुस्तावते आणि वाहून आणलेला गाळ अलगद टाकून जाते. थरावर थर साचून तिथं जमीनच तयार झाली. तिला आम्ही मळी म्हणतो. माझ्या लग्नात तिथं नुसतं पाणी होतं. आता आक्का वांगी लावते.

लहानपणी आक्काचे जुने झगे माझ्याकडं यायचे. नदीनं उलटं केलं. माझं चांगलं उचलून तिला नेऊन दिलं.

या थंडीत ती पाटीभर वांगी घेऊन आली. "घे गं, तुझ्याच मातीची हायत," म्हणाली आणि खुदकन हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडानं मात्र म्हटलं, "लई चांगली हायत, आक्का."

ती गेल्यावर मी भरली वांगी केली. मालक मागून मागून जेवले. बोटं चाटत म्हणाले, "असली वांगी आपल्या रानात का येत न्हाईत गं?"

तव्यावरची भाकरी करपली होती. तीच मी त्यांच्या ताटात टाकली.