अध्यक्ष सेंटर फॉरवर्ड असतात

ऑफिसात दोन गोष्टी कुणीही आणत नाही, तरी साचतात. धूळ आणि किस्से. पाटबंधारे खात्यात कारकुनी करताना माझ्या टेबलावर दोन्हींचा थर असायचा. रिटायर होऊन मुलाकडे अमेरिकेत, पार्सिपनीला आलो तेव्हा वाटलं, सुटलो. इथे धूळ नाही हे खरं. पण समीर, म्हणजे माझा मुलगा, मला दर शनिवारी मैदानावर न्यायला लागला आणि थर पुन्हा चढू लागला.

मैदानावर आमच्या मराठी मंडळाची चाळिशीपार फुटबॉल टीम खेळते. निदान मंडळाच्या पत्रकात तरी तसं छापलेलं असतं. टीमचा कोच अर्काडी. सत्तरी ओलांडलेला. सोव्हिएत काळात एका ट्रॅक्टर कारखान्याच्या टीमचा मिडफिल्डर, मग तिथलाच कोच, आणि आता मुलीच्या मागोमाग न्यू जर्सीत. त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं सगळं कळतं. समीरचं इंग्रजी आम्हा दोघांनाही कळत नाही.

*

पहिल्याच दिवशी कोचने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि ओळख करून द्यायला सांगितलं.

"देशमुख. सीनिअर डायरेक्टर. शिवाय मंडळाचा अध्यक्ष."

"नितीन. प्रोग्रॅम मॅनेजर."

"समीर. सोल्यूशन आर्किटेक्ट."

असे अकरा जण झाले. कोचने आदराने मान हलवली.

"फार छान. यात धावणार कोण?"

ते काही ठरलेलं नव्हतं. सेंटर फॉरवर्ड कोण, एवढंच ठरलेलं होतं. अध्यक्ष!

*

आमच्या टीमची खासियत म्हणजे पासिंग. समीर नितीनला देतो, नितीन देशमुखांना देतो, देशमुख समोर उघडा गोल बघतात आणि बॉल परत नितीनला देतात. जन्मभर काम पुढच्याकडे ढकलून वर चढलेली माणसं ही. बॉल कसा अंगावर ठेवतील?

कोच बाहेरून ओरडतो, "मार! मार!"

एकदा त्याने मॅच थांबवून देशमुखांना विचारलंच, "मारला का नाही?"

"मिस झाला असता तर?"

"तर गोलकीपर बॉल उचलून आणतो. माणूस मरत नाही!"

देशमुखांनी विचार केला. मग म्हणाले, "पण नितीन जास्त चांगल्या पोझिशनला होता यार."

नितीन त्या वेळी बुटाची लेस बांधत होता.

देशमुखांची रिया, वय वर्षं दहा, काठावरून बघत होती. गाडीत बसताना ती बापाला म्हणाली, "बाबा, यू आर व्हेरी पोलाइट टु द गोल." बापाने घरापर्यंत रेडिओ लावला नाही.

*

एका मॅचमध्ये सात-शून्य हरल्यावर नितीनने पुढच्या शनिवारी लॅपटॉप आणला. बॉनेटवर ठेवून स्लाइड्स दाखवल्या. 'काय चांगलं झालं' या सदरात पहिला मुद्दा होता : उत्तम कम्युनिकेशन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि गोल?" कोचने विचारलं.

"तो आपण नेक्स्ट क्वार्टरला टार्गेट करतोय."

कोच माझ्याकडे वळला. टीम मला काका म्हणते, म्हणून तोही काकाच म्हणतो. डोळे पाणावले होते बिचाऱ्याचे.

"काका, अगदी आमचा कारखाना! ट्रॅक्टर चालू व्हायचा नाही. पण टाळ्या अशाच!"

*

हाफटाइमला देशमुख वहिनी साबुदाणावडे आणतात. कोचने पहिल्या आठवड्यात बंदी घातली. "संत्रं फक्त!" दुसऱ्या आठवड्यात चवीपुरता एक खाल्ला आणि बंदी उठवली. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्याने डबा उचलला आणि थेट समोरच्या टीमकडे नेला.

"अहो, तो आपल्या मुलांसाठी आहे!" वहिनी ओरडल्या. त्यांच्या लेखी टीममधले सगळे पन्नाशीचे बाप्ये अजून मुलंच.

"त्यांना द्या," कोच म्हणाला. "तीन-तीन. चटणीसकट."

त्या दिवशी आम्ही सीझनमधल्या सर्वांत कमी गोलांनी हरलो. पुढच्या वेळी त्या टीमने मॅच कधी आहे हे विचारण्याआधी वडे आहेत का, हे विचारलं.

*

खेळ चालू असताना मी आणि कोच बाकावर बसून त्याच्या थर्मासमधला काळा चहा पितो. एकदा मी विचारलं, "तुमच्याकडे तेव्हा घरं सरकार द्यायचं ना? तुम्हाला कसं मिळालं?"

"पासवर."

मग त्याने सांगितलं. दरवर्षी कारखान्याच्या वर्धापनदिनी एक मॅच व्हायची. तिच्यात खुद्द कारखान्याचे डायरेक्टरसाहेब खेळायचे. पोट हे असं!

"पहिल्या वर्षी मी तरुण, मूर्ख. गोल मीच मारला. वर्षभर हॉस्टेलमध्ये एका खोलीत चौघं. दुसऱ्या वर्षी साहेबांना पास दिला. असा पास, की ते नुसते उभे राहिले असते तरी गोल झाला असता."

"मग?"

"मग दोन खोल्यांचा फ्लॅट. बाल्कनीसकट."

मी म्हटलं, "आमच्या ऑफिसात साहेबांना कॅरममध्ये राणी सोडायची पद्धत होती."

"तुला काय मिळालं?"

"टेबल पंख्याखाली आलं."

कोचने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

*

सीझन संपत आला, गोल काही होईना. शेवटी देशमुखांनी जाहीर केलं, "हे बघा, शेवटच्या मॅचमध्ये एक तरी गोल झाला पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी नवीन कोच. एक यंग मुलगा आहे, त्याचं स्वतःचं ॲप आहे."

कोच बाकावर येऊन माझ्याजवळ बसला.

"काका, शनिवार गेला तर मुलगी मला सीनिअर सेंटरला पाठवणार. बिंगो खेळायला." 'बिंगो' हा शब्द त्याने असा उच्चारला, जसा आम्ही 'खातेनिहाय चौकशी' उच्चारायचो.

शेवटची मॅच. हाफटाइमपर्यंत पाच-शून्य. तेवढ्यात नितीनचा फोन वाजला. ऑफिसात कुठलातरी सर्व्हर बसला होता. नितीन लॅपटॉप घेऊन गाडीत जाऊन बसला. टीमला एक माणूस कमी!

कोचने गाडीची डिकी उघडली, आतली शॉर्ट्स काढून चढवली. चाळिशी पूर्ण आहे का, हे रेफरीने विचारलं नाही.

तो धावला नाही. एका जागी उभा राहिला आणि बॉल आपणहून त्याच्याकडे यायला लागला. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असतील. समीरने घाबरून बॉल त्याच्याकडे ढकलला. त्याने एकाला हुलकावणी दिली. गोलकीपर पुढे धावून आला, घसरून आडवा झाला. समोर उघडा गोल, चार पावलांवर.

"मारा कोच! मारा!" आम्ही सगळे उभे. वहिनींच्या हातात झाकण, रियाचे दोन्ही हात डोक्यावर.

कोचने मागे वळून पाहिलं. देशमुख धापा टाकत येत होते. त्याने बॉल अलगद त्यांच्या पायाशी ठेवला आणि पाठ फिरवून मैदानाच्या मध्याकडे चालू लागला.

देशमुखांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. पास द्यायला कुणीच नव्हतं.

गोल!

रिया धावत मैदानात घुसली. "बाबा!" देशमुखांनी तिला खांद्यावर घेतलं, बॉल काखेत मारला आणि तिथेच घोषणा केली, "पुढच्या वर्षी हाच कोच! पुढची पाच वर्षं हाच! माणसाला गेम कळतो!"

सगळं शांत झाल्यावर समीरने कोचला विचारलं, "सर, तुम्ही स्वतः का नाही मारलात?"

"लांब होतो," कोच म्हणाला.

मग माझ्याजवळ आला, थर्मासचं झाकण फिरवलं आणि हळूच विचारलं,

"काका, तुमच्या मंडळाच्या ताब्यात फ्लॅट वगैरे काही असतात का?"