दोन खुर्च्यांचा साहेब

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. वडीगोद्रीकडून भाजी घेऊन येणारी, हसताना तोंडात पदर कोंबणारी बाई, एवढीच ओळख.

नव्वदच्या दशकात आमच्या नगरपालिकेनं बाजाराची जागा आणि गाळे सांभाळायला कंपनी काढली होती. आम्ही नगरसेवकच तिचे संचालक. सभेत डावीकडं बसून कंपनी म्हणून ठराव मांडायचा, मग उठून उजवीकडं बसायचं आणि कंपनीची मालक नगरपालिका म्हणून तोच मंजूर करायचा. मीही कितीतरी ठरावांना असा दोन्हीकडून हात वर केला, जाब एकदाही विचारला नाही. आता लपवून काय करू?

एके दिवशी सभेत भाजीबाजाराची जागा एका बिल्डरला द्यायची होती. ती भाजीवाली मागच्या बाकावर येऊन बसली होती. आम्ही खुर्च्या बदलून बसलो तशी ती मला म्हणाली, "साहेब, तिकडचे तुम्ही अन् इकडचे तुम्ही, मधी वाटंत भेटले न्हाई का? काहीच बोलले न्हाई?"

मला जे हसू फुटलं ते आवरेचना. शेजारचे हसले, अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या हसण्याच्या भरातच मी हात वर केला, पण विरोधात. मागोमाग आणखी हात आले आणि ठराव पडला.

पुढच्या बाजारी तिनं मेथीच्या दोन जुड्या पुढं केल्या. "ही कंपनीच्या साहेबाला, ही मालकाला."

"एकच दे," मी म्हणालो. "आता एकच आहे."

"नक्की?" असं म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला आणि एक जुडी परत ढिगावर ठेवली.