दुसरा दोर प्रमिलाचा

कॉन्व्हेंटमध्ये मधली सुट्टी संपल्याची घंटा वाजवायची पाळी आली की प्रमिला आणि मी मिळून दोर ओढायचो. ती कन्हानहून बसने यायची, अंगाने काडी. दोर वर गेला की तिच्या टाचा जमिनीवरून सुटायच्या आणि मी तिला स्कर्ट धरून खाली ओढायचे. सिस्टर ओरडल्या की आम्ही वर्गात पळायचो. हातांना दोराचा वास संध्याकाळपर्यंत राहायचा.

पुढे प्रमिला नर्स होऊन इंग्लंडला गेली आणि तिथलीच झाली. नवरा गेल्यापासून एका खेड्यात एकटी राहते आणि तिथल्या चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवते. यंदा मी नागपुरात नंदनवनच्या माझ्या घरातली खालची खोली रंगवून घेतली. म्हटलं, जाऊन तिला घेऊनच यायचं. फोनवर नाही म्हणणाऱ्या माणसाला समोर बसून विचारावं लागतं.

नागपूरहून दिल्ली, तिथून लंडन, मग ट्रेन आणि शेवटी गावाची बस. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, रविवारी ती बस नसते. मला हे रिकाम्या स्टॉपवर थंडीत उभं राहिल्यावर कळलं. प्रमिलाच शेजाऱ्यांची गाडी घेऊन आली.

"संत्री आणली का वं?"

"विमानतळावर काढून घेतली असती. बर्फी आणली."

"मग ठीक आहे. बस गाडीत."

चर्च तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. आत जायला तिकीट नाही. मागच्या टेबलावर चहा-केक असतो, पैसे आपणच डब्यात टाकायचे. बुटके, जाड खांब, थंड फरशी, बाहेर शेवाळलेल्या थडग्यांवर चरणाऱ्या मेंढ्या. सहा घंटांपैकी सगळ्यांत जुनी भोसले नागपुरात यायच्याही आधीची. फिरते ओतारी आले आणि चर्चच्या अंगणातच खड्डा करून त्यांनी ती ओतली, असं गावात सांगतात. दुसऱ्या महायुद्धात देशभरच्या चर्चच्या घंटा गप्प होत्या. शत्रू उतरला तरच वाजवायच्या, असा हुकूम होता.

"तुले चर्चमध्ये घेतलं कसं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं, मी बुद्धाची. ते म्हणाले, दोर ओढता येते का? म्हटलं, कॉन्व्हेंटपासून ओढून राहिली."

रात्रीच्या जेवणानंतर मी खोलीचं बोलले. पिवळा रंग, खिडकीतून दिसणारा कडुनिंब, सगळं सांगितलं. ती ताट धुवत म्हणाली, "बुधवारी मनोऱ्यात वर चल. मग बोलू."

बुधवारी संध्याकाळी सराव असतो, पाहुण्यांनी बघायला हरकत नाही. जिना इतका अरुंद की गुडघेदुखीवाल्यांनी विचार करूनच चढावं. वर सहा दोर, सहा माणसं, सगळी आमच्या वयाची. तिथे गाण्याची चाल वाजवत नाहीत. सहा घंटा एकामागून एक वाजतात आणि प्रत्येक फेरीत क्रम बदलतो. म्हणून प्रत्येकाने आपली जागा लक्षात ठेवायची. एक जण नसला तर पंगतीत मधलं पान रिकामं दिसावं तशी फट ऐकू येते.

प्रमिलाचा दोर दुसरा. पन्नास वर्षांत तिला इतकं ताठ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

शेवटी तिने मला बोलावलं. दोराला लोकरीची जाड, रंगीत पकड असते. ती ओढायची आणि लगेच सोडायची, कारण घंटा वर पूर्ण फिरते आणि दोर झपकन छताकडे जातो. मी ओढली. धरूनच राहिले. टाचा उचलल्या गेल्या.

"सोड! सोड ना वं!" प्रमिला ओरडली.

मी सोडलं. दोर तिने सांभाळला. सगळे हसले, मीही हसले.

घरी परतताना तीच बोलली. "मी आली तर दुसरी घंटा कोण वाजवंल?"

"शिकवतील कोणाले तरी."

"कोणी येऊनच नाई राहिलं. तुझी खोली मले रोज आठवंल, पण इथं माझी जागा रिकामी ऐकू येईल." मग माझा हात धरून म्हणाली, "रागावू नको वं."

मी रागावले नाही. परतीच्या विमानात मात्र शेजारच्या रिकाम्या सीटवर पर्स ठेवली आणि दिल्लीपर्यंत त्या सीटकडे पाहिलं नाही.

आता रविवारी दुपारी नंदनवनात कुकरच्या शिट्ट्या थांबल्या की तिकडे सकाळ झालेली असते, प्रार्थनेच्या घंटा वाजायची वेळ. मी पिवळ्या खोलीत जाऊन बसते. एक घंटा मनात वाजते, मग दुसरी. तिसरीपर्यंत मी जात नाही.

माझी भाची मेघना शिकायला तिकडेच निघाली आहे. तिच्यासाठी इथेच लिहून ठेवते, कारण चिठ्ठ्या ती हरवते. बर्फीचा मोठा डबा मनोऱ्यातल्या मंडळींना, प्रत्येकाच्या हातात दे. लोणचं गाडीवाल्या शेजाऱ्यांना. सावजी मसाला प्रमिलाला, आणि तिखट आहे हे तिला सांगू नकोस, ती चिडेल. सुती साडीही तिचीच. साडीच्या घडीत खालच्या खोलीची किल्ली आहे. ती परत देईल. घेऊ नकोस.