पहिलं माप

विद्यापीठाच्या नामांतरावरून सारखे बंद चालले होते आणि बालवाडीला कुलूप होतं. म्हणून चार वर्षांच्या लेकीला अंक शिकवायचं मीच मनावर घेतलं. पाच चिंचोके तिच्यापुढं मांडले.

"मोज."

"लाभ, दोन, तीन..."

"एक कुठं गेलं?"

पुन्हा मांडले, पुन्हा लाभ. खळ्यावर ज्वारी मोजताना सासरे पहिल्या मापाला एक म्हणत नसत, बरकत राहावी म्हणून लाभ म्हणत. पोरगी त्यांच्याजवळ बसून तेच शिकली होती. मला हे ठाऊक होतं. तरी चौथ्या वेळी माझं डोकं फिरलं आणि मी तिच्या हातावर फटका ओढला. दुसऱ्या दिवसापासून ती एक म्हणायला लागली, पण आधी माझ्या हाताकडं बघून.

त्याच सुगीत सासऱ्यांची कंबर धरली आणि खळ्यावरचं माप माझ्या हाती आलं. पहिलं माप पोत्यात ओतताना तोंडातून आपसूक निघालं, "लाभ."

पोरगी धावत आली, माझा पदर ओढून हळूच म्हणाली, "आई, एक म्हण. न्हाई तर लय लागतंय."