सोनाराने नापास केलेलं टूल

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे आमचा गाळा आहे. त्यात एक लेथ, एक ग्राइंडर आणि माझे बाबा.

मागच्या वर्षी एका कारखान्यानं कंपोझिटचे तीन गोल तुकडे पाठवले. अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेले. उचलायला हलके, कापायला महाभयंकर. एक तरी नीट रिंग काढून दाखवा, मग पुढचं काम तुमचं, असा निरोप. बाबांनी तुकडा हातात घेऊन जाहीर केलं, "ह्यो माज्या हातानं नाय कापला तं लेथ तुजी." मला लेथ हवीच होती. आठ वर्षं मी नुसती मापं घेत होते. म्हणून लगेच कबूल झाले.

पहिल्या तुकड्याला बाबांनी स्वतः धार लावलेलं हायस्पीड पोलादाचं बीट, म्हणजे कापायचं टूल, लावलं. बोटभर कापून त्याचं टोक गेलं. पुन्हा धार, पुन्हा तेच, अख्खी सकाळ. दुसऱ्याला त्याहून कठीण कार्बाइडचं टूल लावलं. तेही अर्ध्यात बोथट, रिंगवर नुसती नांगरट. शेवटी मी हिऱ्याचं टूल मागवलं. आलं ते दांडीच्या टोकाला मुगाएवढा काळपट तुकडा लावलेलं.

"ह्यो हिरा? चमक कुठं हाय?"

आमच्या घरात सोनाराला दाखवल्याशिवाय काही घेत नाहीत. बाबांनी टूल रुमालात गुंडाळलं आणि मला घेऊन पनवेलला आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेले. सोनारानं भिंग लावलं. पैलू नाहीत, पाणी नाही. हा कारखान्यात बनवतात, दागिन्याचा नव्हे, हे मी तीनदा सांगितलं. दोघांनीही ऐकलं नाही. मग त्यानं सवयीनं टूल कसोटीच्या दगडावर घासलं. दगडाला हा एवढा चर पडला.

"आजोबांची कसोटी होती हो!" सोनार रडवेला झाला. "पण हिरा नाही हा, सांगून ठेवतो."

बाबा खूश. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तुकड्यासाठी पुन्हा आपलंच बीट बांधायला लागले. माझं डोकं फिरलं. "शेवटचा तुकडा आहे, बाबा! सोनाराच्या दगडाचं काय झालं ते बघितलंत ना?"

बाबा थांबले. बीट खाली ठेवून बाजूला सरकले. "तू लाव."

मी हिऱ्याचं टूल बांधलं. रिंग गुळगुळीत निघाली, टूलला ओरखडाही नाही. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला. "बरी झालीय," म्हणाले, हात धुतले आणि डबा न उघडताच निघून गेले. लेथ माझी झाली होती. मला वाटलं होतं, मी नाचेन. पण खूप वाईट वाटत होतं, आणि टूल बदलावंसंही वाटत नव्हतं.

तासाभरानं आईचा फोन आला.

"तुजा बापूस कामाच्या दिवशी पयल्यांदाच दुपारचा घरी आलाय," ती म्हणाली. "नि मला इचारतोय, बसू कुठं?"