हेमालीची आठ तासांची परीक्षा

नागावात कुणाच्या घरचं इंटरनेट बंद पडलं, की लोक कंपनीच्या नंबरावर फोन करत बसत नाहीत. सरळ हेमालीला लावतात. "वहिनी, पावणे आलेत नि नेट गेलंय, काय करू?" असा फोन आला की हेमाली दीपेश म्हात्रे आधी विचारते, "डब्यावर लाल दिवा हाय की हिरवा?" निम्म्या वेळा उत्तर ऐकूनच ती दुखणं सांगते. उरलेल्या निम्म्या वेळा स्कूटरवर पायाशी अवजारांची पिशवी ठेवून निघते. शिडी न्यावी लागत नाही. ती ज्याच्या त्याच्या वाडीत असतेच.

बाई अडतीस-एकोणचाळीसची, अंगाने किरकोळ, बोलायला मोजकी. माहेर पेणजवळच्या खारेपाटातलं, वडील मिठागरात कामाला. बारावी सायन्सला चांगले मार्क पडले होते, पण पुढे शिकवावं असं घरात कुणाला सुचलं नाही आणि तिनेही हट्ट धरला नाही. लग्न होऊन नागावला आली. नवरा दीपेश उरणच्या बंदरातून कंटेनर घेऊन गुजरातेत जाणारा ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर. घरात ती आणि सासू मनुबाई. दिवस खायला उठायचा, म्हणून गावातल्या चंदरभाऊंच्या केबलच्या ऑफिसात ती तक्रारी लिहून घ्यायला बसू लागली. टीव्हीची केबल मागे पडली, इंटरनेट आलं, तरी हेमालीची खुर्ची तीच आणि वहीही तीच.

मग दोन हजार वीसच्या जूनमध्ये चक्रीवादळ आलं. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि नारळीच्या खोडांवरून ओढलेल्या तारा खोडांबरोबरच जमिनीवर आल्या. चंदरभाऊंचे दोन्ही कारागीर लॉकडाऊनमध्ये आपापल्या मुलखात गेले होते, ते परत यायची चिन्हं नव्हती. चंदरभाऊंनी कपाळाला हात लावला.

"संपलं, हेमाली. आता कुलूप लावायचं."

"संपलं कसं? मशीन हाय ना?" ती म्हणाली.

मशीन म्हणजे केसाएवढ्या काचेच्या दोन तारा वितळवून एकमेकींना जोडणारं यंत्र. कारागीर ते चालवताना तिने शंभरदा बघितलं होतं, हात मात्र कधी लावला नव्हता. पहिल्या दिवशी तिने अकरा जोड बिघडवले. बारावा बसला. पुढचे दोन महिने पडलेली झाडं ओलांडत, चिखल तुडवत ती एकेक वाडी जोडत गेली. चंदरभाऊ मागून तारेचं भेंडोळं वाहायचे. मालक हमाल झाला नि कारकून कारागीर झाली, असं गावात गमतीने बोललं जायचं.

ऑगस्टात तिच्या हातून एक चूक झाली, आणि तिच्या आयुष्याला वळण लागलं ते त्या चुकीने. एक तार पुन्हा तुटली तर दुसरी वाट असावी, म्हणून तिने शेजारच्या गावाकडून आणखी एक तार आणून जोडली. पाच मिनिटांत चंदरभाऊंच्या तारा जात होत्या त्या तिन्ही गावांचं इंटरनेट ठप्प. तुटलेलं काहीच नव्हतं, उलट एक तार जास्तच होती! अर्धा दिवस ती एकेक जोड काढून बघत राहिली. शेवटी ती नवी तार उपटली, आणि सगळं सुरू झालं.

चंदरभाऊंना इंटरनेट पुरवणाऱ्या वरच्या कंपनीचा एक इंजिनिअर फोनवर म्हणाला, "मॅडम, त्याला लूप म्हणतात. तार गोल फिरून स्वतःलाच भेटली की निरोप चकरा मारत बसतो, एकाचे हजार होतात, आणि वाट तुंबते."

"मग मोठ्या कंपन्या दोन-दोन वाटा ठेवतात, त्या तुंबत नाहीत?"

तो हसला. "ते शिकायचं तर वर्षं जातात. त्याची शेवटची परीक्षा आठ तासांची असते. भले भले दोन-तीनदा आपटतात."

फोन ठेवला तरी ते डोक्यातून जाईना. दोन वाटा असून तुंबत नाही, म्हणजे नक्की काय होतं? हेमालीला नाद लागला. चंदरभाऊंनी नवी मुंबईत बंद पडलेल्या एका ऑफिसातली जुनी यंत्रं भंगारातून आणून दिली. तिने ती घरात भाताच्या कणगीशेजारी फळीवर मांडली. पंखे सुरू झाले की घरभर घूं घूं आवाज. मनुबाई म्हणायची, "ह्या भुंग्यांना गप कर गं, मालिका ऐकू येत न्हाय." पण यंत्रांवर धूळ बसू नये म्हणून जुनं नऊवारी तिनेच फाडून दिलं.

तीन वर्षं गेली. या काळात लहान-मोठ्या दोन परीक्षा हेमालीने वाशीला जाऊन दिल्या. इंग्रजी पुस्तकाचं एक पान सुरुवातीला तिला तासभर पुरायचं, पुढे पुढे दहा मिनिटांत होऊ लागलं. मोठ्या परीक्षेच्या आधीची लेखी परीक्षाही ती पास झाली. आता उरली ती आठ तासांची.

ती द्यायला बंगळूरला जावं लागतं. पहिले तीन तास एका काल्पनिक कंपनीची कागदपत्रं वाचून तिचं जाळं कसं असावं ते ठरवायचं, आणि एकदा पुढे गेलं की मागचं उत्तर बदलता येत नाही. नंतरचे पाच तास ते जाळं प्रत्यक्ष उभं करायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं. तिथे निबंध लिहायचा नसतो. जाळं चालतंय की नाही, एवढंच बघतात.

"आठ तास बसवून ठेवतात?" मनुबाईने विचारलं. "मग ज्येवण?"

"मधे अर्धा तास देतात."

"अर्ध्या तासात कसलं ज्येवण! सुक्या सोड्यांची चटणी बांधून देते. चपातीला लावून खा."

हेमाली एवढ्या लांब एकटी कधी गेली नव्हती. परीक्षेच्या खोलीत सात पुरुष आणि ती. बहुतेक तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, मोठ्या कंपन्यांनी पाठवलेले. एकाने तिला पाण्याची बाटली कुठे मिळेल ते विचारलं. त्याला ती तिथली कर्मचारी वाटली. तिने बाटली कुठे आहे ते दाखवलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तो ओशाळला.

पेपर बरा गेला. निदान तिला तसं वाटलं. शेवटच्या तासात एक अवघड काम राहिलं होतं, ते तिने वीस मिनिटं उरलेली असताना पुरं केलं आणि समाधानाने हात झटकले.

निकाल दोन दिवसांनी आला. ती तेव्हा एका होमस्टेच्या मागे शिडीवर होती, खाऱ्या हवेने गंजलेला जोड बदलत होती. खिशात मोबाईल वाजला. एका हाताने तिने ईमेल उघडलं. नापास. मोबाईल परत खिशात घातला, जोड पुरा केला, खाली येऊन मालकाला म्हणाली, "बघा आता, चालू झालं असेल." मग वाडीच्या कडेला पोफळीच्या बुंध्याशी बसली आणि पुन्हा वाचलं. तेव्हा कुठे डोळे भरले.

दीपेशचा फोन वापीच्या अलीकडून आला. "परत द्यायचीय का?"

"द्यायचीय."

"मग रडतेस कशाला?"

"रडू दे जरा. रडून झालं की देते."

कुठे चुकलं, हे तिला तीन आठवड्यांनी, तीच कामं आठवून घरच्या यंत्रांवर पुन्हा करताना उमगलं. शेवटचं ते अवघड काम करताना तिने एक बदल केला होता, आणि त्या बदलाने सकाळीच चालू करून ठेवलेलं दुसरं काम बंद पडलं होतं. मागे वळून बघितलं असतं तर दोन मिनिटांत दिसलं असतं. तिने बघितलंच नव्हतं.

त्याच सुमाराला भावेशचा फोन आला. भावेश पनवेलचा, ऑनलाइन अभ्यासाच्या ग्रुपवर तिला भेटलेला, तोही हीच परीक्षा देणारा. "ताई, एक वस्तू पाठवतो. कुणाला बोलू नका. फुटलेला पेपर आहे, उत्तरांसकट. सगळे तेच पाठ करून जातात."

फाईल आली. हेमालीने ती लगेच पुसून टाकली असं मी सांगितलं, तर ते खोटं होईल. तिने ती उघडली. एक अख्खा रविवार ती फाईल समोर होती. एकदा नापास झालेल्या माणसाच्या मनात काय काय येतं, ते सगळं तिच्याही मनात आलं. मग सवयीने तिने त्यातलं एक उत्तर आपल्या यंत्रांवर करून बघितलं. चाललं. मुख्य वाट तोडून बघितली, तर दुसरी वाट उठलीच नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ज्या उत्तरासाठी लोक जीव टाकत होते, ते चूक होतं. वादळात पहिल्या झटक्याला कोसळलं असतं.

तिने भावेशला कळवलं.

"पण परीक्षेत एवढं खोलात कोण बघतं, ताई?"

"माझ्याकडे तार खरंच तुटते रे, भावेश. आणि हे पाठ करून पास झाले, तर मला येतंय की नाही हे मला कधीच कळायचं नाही."

मग तिने ती फाईल पुसली. मनातून मात्र ती त्या दिवशी खूश होती, हे तिने नंतर कबूल केलं. उत्तरातली चूक तिची तिला सापडली होती, कुणी न सांगता.

पुढचे सहा महिने दर रविवारी सकाळी आठला ती कणगीशेजारी बसायची आणि चारला उठायची. मध्ये अर्धा तास जेवण. एक काम झालं की आधीची सगळी पुन्हा तपासायची, मग पुढचं. सुरुवातीला याने वेळ पुरेनासा झाला, हळूहळू हात बसला. दारात कुणी आलं की मनुबाई उंबऱ्यातूनच परतवायची, "हेमाली पेपरात हाय." तक्रारी चंदरभाऊ स्वतः घ्यायचे. मे महिन्याच्या गर्दीतल्या एका रविवारी ते पंचावन्नाव्या वर्षी दोनदा शिडी चढले आणि संध्याकाळी कंबर धरून तिच्या ओट्यावर येऊन बसले. "तू लवकर पास हो बाई," म्हणाले, "माझ्याने हे होणं न्हाय."

दुसऱ्यांदा ती बंगळूरला गेली ती पुढच्या थंडीत. पहिले तीन तास सरळ गेले. जेवणाच्या वेळी भूक नव्हती तरी तिने चपाती-चटणी चावून चावून खाल्ली. दुपारी एका कामापाशी गाडी अडली. एका शाखेचं ऑफिस मुख्य ऑफिसला काही केल्या दिसेना. दहा मिनिटं गेली, वीस गेली, चाळीस गेली. नागावात तिने आजवर एकही तक्रार अर्धी सोडली नव्हती. ज्याचं बंद, त्याचं चालू करूनच घरी यायचं. तो तिचा धर्मच होता म्हणा. आता समोर बंद पडलेलं ऑफिस, आणि घड्याळात उरलेला सव्वा तास.

तिने कीबोर्डवरून हात काढले. डोळे मिटून मनात मोजलं: हे एक काम सुटलं तरी बाकीच्यांवर पास होता येईल का? येईल, पण ती तपासली तरच. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक दुखणं तसंच सोडून दिलं. मग पहिल्यापासून सुरुवात केली. तपासता तपासता तीन ठिकाणी बारीक चुका सापडल्या, त्यातली एक तर सकाळपासून तशीच दडून होती. तिन्ही दुरुस्त केल्या. शेवटची दहा मिनिटं ती नुसती बसून राहिली. कशाला हात लावायचा मोह झाला, तर हात मांडीखाली दाबून धरत होती.

परतीची गाडी मिरज सोडून पुढे आली तेव्हा ईमेल आलं. तिने वाचलं, समोरच्या बाकावरच्या अनोळखी आजींना म्हणाली, "मी पास झाले." आजींना कशात ते कळलं नाही, पण त्यांनी डब्यातला लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. दीपेश टोलनाक्याच्या रांगेत होता. ऐकल्याबरोबर त्याने ट्रकचा हॉर्न इतका वेळ दाबला की मागचे-पुढचे ड्रायव्हर उतरून बघायला आले. मनुबाईने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आता परत जायचं न्हाय ना? बरं झालं. वाळलीस पार."

पुण्याहून, बंगळूरहून बोलावणी आली. तिने मुंबईत फोर्टमधल्या एका कंपनीचं काम घेतलं, आठवड्यातून दोन दिवस जायचं, बाकीचे दिवस घरून. मांडव्याहून बोटीने जाते. एका बँकेच्या दीडशे शाखांचं जाळं तिच्या हाताखाली आहे, आणि तिच्या चमूत इंजिनिअर झालेली पाच पोरं. एकाने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मॅम, तुमचं कॉलेज कुठलं?" ती म्हणाली, "कॉलेज न्हाय केलं. नागावला काम करत होते." लाजून नाही, मिरवून नाही, जे आहे ते सांगितलं आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

चंदरभाऊंच्या ऑफिसात आता तिच्या खुर्चीवर अमिषा घरत बसते. तीही शेजारच्याच आळीतली, बारावी झालेली. काचेच्या तारा जोडायला तिला हेमालीनेच शिकवलं. परवा बोट मांडव्याचा धक्का सोडत होती, तेवढ्यात अमिषाचा फोन आला, "ताई, अर्धं गाव बंद हाय, काय करू?"

"तू काय काय बघितलंस ते सांग आधी," हेमाली म्हणाली, आणि बोटीच्या इंजिनाचा आवाज आड येऊ नये म्हणून फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिली.