हस्तदंताचा म्हातारा

खरं तर त्या लवंगेच्या वासालाच मी थांबायला हवं होतं. पण आता काय सांगू तुम्हाला, मी घाबरले की माझं नाक सगळ्यात आधी बंद पडतं.

सदाशिव पेठेत काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून येऊन मला चारच दिवस झाले होते. काकांशी ओळख म्हणजे जिन्यात एकदा झालेलं "चपला बाहेर." एवढंच. त्या दुपारी काकूंनी माझ्या हातात एक चिमुकला म्हातारा ठेवला. ढेरपोट्या, हसरा, पाठीवर पोतं. आणि वास लवंगेचा.

"तू म्युझियमचा कोर्स केलायस ना? मग सांग, काम कसंय आणि किंमत काय लावावी. हस्तदंताचं आहे."

मी काय ऐकलं असेल? बरोबर. हस्तिदंताचं.

भिंग काढलं. खऱ्या हस्तिदंतावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, जाळीसारख्या, असं शिकवलं होतं. म्हाताऱ्याच्या तळाशी रेषाच रेषा. रंग सायीसारखा पिवळट. बोटांची नखंसुद्धा कोरलेली. मी मनातल्या मनात शेरा मारला: अस्सल, जुना, जपानी वळणाचा. कारागिरीची किंमत लाखात, कायद्याने शून्य, कारण विकला की तुरुंग.

"काकू, हे आणलं कुठून?"

"आणायचं कशाला? ह्यांनी आयुष्यभर दातच तर काढले."

"काकांनी? स्वतः?"

"मग. मेळघाटापर्यंत कॅम्प असायचे त्यांचे."

"आणि... दुखायचं नाही?"

"भूल द्यायचे ना. कळायचंसुद्धा नाही बिचाऱ्यांना."

मी म्हातारा पटकन खाली ठेवला. "असे अजून आहेत?"

"पिशवी भरून नेलेत की. बिबवेवाडीत प्रदर्शन आहे, स्टॉल घेतलाय ह्यांनी."

म्हणजे बघा, मला चपला बाहेर काढायला लावणारा माणूस भर दुपारी स्टॉल मांडून हत्ती विकत होता. आणि काकू किती गोड हो. सकाळीच मला न विचारता साबुदाण्याची खिचडी वाढली होती, वर दाण्याचं कूट जास्त. पोलीस आले तर तुरुंगात काकूंना खिचडी कोण देणार?

गॅलरीत जाऊन काकांना फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद. परत लावला. परत. कोणीतरी एक म्हातारा विकत घेतला, की संपलंच सगळं. परत लावला.

"बोला."

"काका, मी..."

"इतके फोन, म्हणजे दाढच ठणकत असणार. अहो बाई, दवाखाना बंद करून वर्षं झाली. आता मी कवळ्यांच्या उरलेल्या सामानाचे म्हातारे करतो. कानस घासून, स्वतःच्या हाताने. हात माझे, दात पेशंटच्या कवळ्यांचे, म्हणून हस्तदंत. तुम्ही दाढेला लवंगेचं तेल लावा."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "म्हणजे... हत्ती नाही?"

"हत्ती अजून केला नाही. हवा असेल तर आधी सांगायचं."